गितीनं काहीच विचारलं नाही

३ जून

रात्री बाबांबरोबर ‘श्टिसेल’ लावली. टाळेबंदीत मी ती एकटीनं पाहिली होती, तेव्हापासून मनात होतं की ही मालिका कुणाच्या तरी सोबतीनं बघायची. आई असती तर तिच्याबरोबर बघितली असती. बाबा आता आमच्याकडे ठाण्याला राहायला आलेत आणि साडेसातच्या बातम्या संपल्या की त्यांची संध्याकाळ रिकामी पडते.

मालिका इस्राएलची, हिब्रू आणि यिडिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत आहे. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, पण बाबा एक ओळ वाचेपर्यंत दुसरी निघून गेलेली असते. म्हणून मीच मराठीत सांगत गेले. सांगता सांगता लक्षात आलं की फारसं सांगावंच लागत नाहीये. शुलेम श्टिसेल जेवायला बसलाय, समोर त्याचा धाकटा मुलगा अकिवा. म्हातारा घासाआधी पुटपुटत आशीर्वचन म्हणतो, मग खातो, खाता खाता मुलाच्या लग्नाचा विषय काढतो, मुलगा उत्तर टाळतो, म्हातारा आणखी वाढून घेतो. बाबा म्हणाले, “हे कळलं मला. पुढे चल.”

जेरुसलेममधल्या गेऊला नावाच्या वस्तीतलं हे घर. शेजारी मेआ शेआरीम. इथे हरेदी राहतात, म्हणजे कडक धर्माचरण करणारे ज्यू. काळे कोट, काळ्या टोप्या, कानशिलावरचे केस वाढवलेले पुरुष, लग्नानंतर केस झाकणाऱ्या बायका, घरोघरी पोराबाळांची रीघ. टीव्ही नाही, इंटरनेट नाही. शुलेम मुलांच्या धार्मिक शाळेत शिक्षक. बायको द्वोरा वारून वर्ष होत आलंय. थोरली मुलं आपापल्या संसारात आहेत आणि सव्वीस-सत्तावीस वर्षांचा अकिवा लग्न न करता बापाबरोबर राहतोय, चित्रं काढतोय. पहिल्याच प्रसंगात अकिवाला स्वप्न पडतं. नेहमीच्या खाणावळीत त्याला वारलेली आई दिसते. ती थंडीनं कुडकुडत असते.

त्या प्रसंगाशी बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ तसाच हातात धरून बसले. मी काही बोलले नाही. पुढचा भाग लावला.

६ जून

आज अकिवाच्या स्थळांचे भाग झाले. मध्यस्थ वही उघडतो, नावं सांगतो, मग मुलगा-मुलगी एखाद्या हॉटेलच्या लॉबीत समोरासमोर बसतात. टेबलावर शीतपेयाचे ग्लास, मध्ये सभ्य अंतर, तेच ते प्रश्न. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची इतकी तंतोतंत आठवण झाली की बाबांनी मला माझ्या वेळच्या एका स्थळाची आठवण करून दिली. ते इथे लिहिणार नाही.

अकिवाचं मन मात्र एलिशेवावर जडलंय. ती दोनदा विधवा झालेली, त्याच्याहून मोठी आणि तो शाळेत शिकवतो त्या वर्गातल्या एका मुलाची आई. ही भूमिका आयेलेत झुरर करते. तिच्या चेहऱ्यावरचा थकवा इतका खरा आहे की ती नाही म्हणते तेव्हा राग येत नाही. दोन नवरे पुरलेल्या बाईनं तिसऱ्यांदा का धजावं?

एलिशेवा नको म्हणून शुलेम जंग जंग पछाडतो. माणूस हट्टी आहे, चिडका आहे, प्रसंगी कावेबाजही. चित्रकलेला तो चाळा समजतो. तरीही त्याचा तिरस्कार करता येत नाही, आणि लिहिणाऱ्यांनी हे कसं साधलं याचा मी आज बराच वेळ विचार केला. मला वाटतं, ते त्याला सतत भुकेला दाखवतात. त्याला कुणीतरी वाढायला हवं असतं. शाळेतली सचिव, अलिझा ग्विली, घटस्फोटित बाई, त्याच्यासाठी स्वयंपाक करते. तो आनंदानं जेवतो, तिची वाट बघतो, तिच्या हाताला चव आहे म्हणतो. तिला या जेवणांमधून पुढे काही होईल अशी आशा असते. ती तसं बोलून दाखवते तेव्हा तो काढता पाय घेतो. अलिझाचं डबे घेऊन येणं, ते उघडणं, पुन्हा झाकणं लावणं, हे सगळं कॅमेरा घाई न करता बघत राहतो. मला तिथे शुलेमची चीडही आली आणि कीवही. त्याला बायको परत हवी आहे, दुसरी बाई नको आहे, आणि हे त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही.

शुलेमचं काम करणारा दोव ग्लिकमन इस्राएलमध्ये मुळात विनोदी नट म्हणून प्रसिद्ध. ‘झेहू झे’ या तिथल्या गाजलेल्या विनोदी कार्यक्रमातून लोक त्याला ओळखायचे. हे माहीत झाल्यावर त्याचं काम आणखी आवडायला लागलं. नेमक्या क्षणी थांबणं, मान किंचित कलती करणं, घास तोंडाशी नेऊन परत खाली ठेवणं ही विनोदी नटाची हत्यारं आहेत. तो ती दुःखासाठी वापरतो.

११ जून

आज फक्त एकच भाग. पाऊस, वीज गेली.

१५ जून

पहिला हंगाम संपला आणि आज मला गितीबद्दल लिहायचंच आहे.

गिती ही शुलेमची मुलगी, लिपे वाइसची बायको, पाच मुलांची आई. लिपे अर्जेंटिनात धार्मिक पद्धतीनं मांस तयार करण्याच्या कामावर जातो आणि तिथे दाढी काढून, कानशिलावरचे केस कापून दुसऱ्याच आयुष्यात शिरतो. घरी पैसे यायचे थांबतात. गितीला कळतं. ती ते कुणाला कळू देत नाही. बापाला नाही, भावांना नाही, शेजाऱ्यांना तर मुळीच नाही. सांगते ती फक्त थोरल्या मुलीला, रुखामीला, आणि तिलाही तोंड उघडायची बंदी घालते. अशा वस्तीत नवरा पळून गेला ही बातमी फुटली तर पोरींची लग्नं अडतील, मुलांकडे लोक बोट दाखवतील. म्हणून ती पैसे बदलून द्यायचा छोटा धंदा मांडते, पोरांना खायला घालते आणि दाराची घंटा वाजली की पटकन चेहरा सावरते.

नेता रिस्किन हे काम करते. तिचे ओठ बघावेत. आत काहीतरी गच्च धरून ठेवल्यासारखे घट्ट मिटलेले असतात, घरातला कप उचलतानासुद्धा.

मग लिपे परत येतो. मान खाली घालून. त्याला सगळं सांगायचं असतं, कबूल व्हायचं असतं, माफी मागायची असते. आणि गिती ऐकून घेत नाही. तू गेलाच नव्हतास, काही झालंच नाही, असं धरून आपण पुढे जायचं, हे ती ठरवून टाकते.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हे पटलं नव्हतं. ज्यानं एवढं केलं त्याला जाब विचारायला नको? इतक्या स्वस्तात सुटका? आज मात्र ती त्याला सोडतेय असं मला वाटलंच नाही. कबुली देऊन लिपे मोकळा झाला असता. ओझं तिच्या पदरात टाकून तो रात्री शांत झोपला असता. तिनं ते घेतलं नाही. ते आता त्यालाच वागवायचं आहे, रोज, मरेपर्यंत, आणि ते बोलायला त्याला घरात जागा नाही. हा तिचा न्याय आहे. आणि प्रेमही आहे त्यात, कारण तिनं दार उघडलंय.

बाबांचं मत अगदी वेगळं. ते म्हणाले, “चूक केली तिनं. विचारायला हवं होतं. न विचारलेलं घरात कुजतं.” मी म्हटलं, सगळ्यांनाच बोलून मोकळं होता येत नाही. ते म्हणाले, “मला माहीत आहे ते.” आणि उठून झोपायला गेले. बाबांनी आईच्या आजारपणात कुणाशीही, माझ्याशीसुद्धा, मनातलं एक अक्षर काढलं नव्हतं. आज त्यांनी गितीला चूक म्हटलं. मी बराच वेळ जागी होते.

१९ जून

रुखामी! शिरा हासनं हे काम केलं तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची असेल. रात्री धाकट्या भावांना झोपवताना ती त्यांना ‘आना कारेनिना’ वाचून दाखवते. कादंबरी बाहेरच्या जगातली, घरात चालणारी नाही, म्हणून वाचता वाचता ती नाव बदलून ‘हाना’ करते. भाऊ डोळे विस्फारून ऐकतात. घर सोडून गेलेल्या बाईची गोष्ट, वाचतेय कोण, तर जिचा बाप घर सोडून गेलाय ती मुलगी. एकही पात्र हे बोलून दाखवत नाही. लेखकांनी बघणाऱ्यावर एवढा विश्वास टाकलाय याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि म्हातारी मलका. शुलेमची आई. वृद्धाश्रमात गेल्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा टीव्ही भेटतो आणि मालिकेतल्या माणसांत तिचा जीव गुंततो. शुलेम हादरतो. साठी ओलांडलेला मुलगा आईच्या खोलीतला टीव्ही बंद व्हावा म्हणून धडपडतो. आम्ही दोघं खूप हसलो. हसताना मला जाणवलं की तिला खोलीत दुसरं कुणी बोलायला नाहीये. पहिल्या हंगामात हे काम हाना रीबरनं केलं. २०१४ मध्ये ती वारली आणि दुसऱ्या हंगामापासून लेआ कोएनिग आली. दोघींचे चेहरे वेगळे, पण खट्याळपणा तोच.

ही मालिका ओरी एलोन आणि येहोनातान इंदुर्स्की यांनी लिहिली, दिग्दर्शन आलोन झिंगमनचं. इंदुर्स्की स्वतः हरेदी घरात वाढला, ब्नेई ब्राक शहरातल्या नामांकित पोनेवेझ येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत, शिकला आणि नंतर त्या जगातून बाहेर पडून सिनेमाकडे वळला. बाहेर पडलेला माणूस मागच्या घराबद्दल लिहितो तेव्हा बहुतेकदा हिशेब चुकते करायला लिहितो. इथे तसं काही नाही. या मालिकेत धर्म सोडून पळायला टपलेलं कुणी नाही. अकिवाला चित्रं काढायची आहेत, पण टोपी घालूनच. रुखामीला परक्या कादंबऱ्या वाचायच्या आहेत, पण लग्न करायचं आहे ते दिवसरात्र अभ्यासात बुडालेल्या हनिनाशी. भांडणं सगळी घराच्या आतली आहेत: बापाशी, भावाशी, नवऱ्याशी, स्वतःच्या शब्दाशी. म्हणूनच ठाण्यात बसलेल्या आम्हाला ती कळतात.

एक गोष्ट मात्र खटकते ती लिहून ठेवते. जेरुसलेमसारख्या शहरात, एवढ्या तणावांच्या मध्यभागी राहणारं हे कुटुंब, आणि शहरातल्या पॅलेस्टिनी माणसांचं अस्तित्व मालिकेत जवळपास नाहीच. हरेदी तरुणांच्या लष्करभरतीवरून तिथे एवढं रान पेटतं, तेही इथे फारसं येत नाही. आजच्या काळात ही रिकामी जागा डोळ्यांना बोचते. लेखकांनी कॅमेरा घराच्या उंबऱ्यावर थांबवलाय. त्यामुळेच घर इतकं स्पष्ट दिसतं हेही खरं, आणि रस्ता दिसत नाही हेही खरं.

२४ जून

तिसरा हंगाम सुरू. पहिला आला २०१३ मध्ये, दुसरा २०१५ मध्ये, मग मालिका संपल्यातच जमा होती. नेटफ्लिक्सवर जगभर पोचल्यावर इतक्या लोकांनी ती डोक्यावर घेतली की पाच वर्षांनी कलाकार पुन्हा जमले आणि आणखी नऊ भाग झाले. एकूण तेहतीस.

बाबांना आज वेगळंच काहीतरी आठवलं. मालिकेत जो तो घरात शिरताना दाराच्या चौकटीला हात लावून बोटं ओठांशी नेतो. चौकटीवर उजव्या बाजूला एक लहानशी नळी ठोकलेली असते, तिच्यात धर्मवचनं लिहिलेल्या चर्मपत्राची गुंडाळी. मझुझा म्हणतात तिला. बाबा इतके दिवस बघत होते आणि आज एकदम म्हणाले, “हे आमच्या अलिबागला होतं.” इस्राएल आळीत त्यांच्या वर्गमित्राचं घर होतं. मित्राची आजी बाजारातून आली की पिशवी खाली ठेवायची, चौकटीला हात लावायची, बोटांचा मुका घ्यायची आणि पिशवी उचलून आत जायची. लहानपणी बाबांना वाटायचं की ही घराला नमस्कार करते. ती आजी नऊवारी नेसायची, मराठीच बोलायची आणि शनिवारी तिच्या घरी चूल पेटायची नाही.

बेने इस्राएल. कोकणातले आपले ज्यू. अलिबागजवळ नवगावला त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि वाचलेली सात जोडपी किनाऱ्याला लागली अशी त्यांची परंपरागत कथा. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. आमच्या ठाण्यातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८७९ चं आहे. बाबांच्या मित्राचं कुटुंब साठच्या दशकात इस्राएलला गेलं. काही वर्षं पत्रं येत होती, मराठीत.

आणि योगायोग बघा, आजच्याच भागात गितीचा मुलगा योसेले हॉटेलच्या लॉबीत चुकून दुसऱ्याच शिरा नावाच्या मुलीसमोर जाऊन बसतो. ठरलेली शिरा वेगळी होती. ही शिरा लेवी, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या सेफार्दी घरातली. हुशार, मोकळी, डोळ्यांत डोळे घालून बोलणारी. योसेलेला तीच हवी. गितीला सून म्हणून ती नको, कारण ती ‘त्यांच्यातली’, आपल्यातली नव्हे. एकच धर्म, एकच प्रार्थना, तरी युरोपातून आलेल्या घराला अरब मुलुखांतून आलेलं घर कमी वाटतं.

मी बाबांना सांगितलं की त्यांच्या मित्राच्या कुटुंबाच्या वाट्याला यापेक्षा मोठं काही आलं असणार. १९६२ च्या सुमारास इस्राएलच्या मुख्य धर्मपीठानं बेने इस्राएलांच्या विवाहाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असा आदेश काढला होता. शेकडो वर्षं कोकणात शनिवार पाळणाऱ्या माणसांना जेरुसलेममध्ये विचारलं गेलं की तुम्ही नक्की ज्यू आहात ना? बेने इस्राएल रस्त्यावर उतरले. १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं त्यांच्या बाजूनं भूमिका घेतली, तेव्हा धर्मपीठाला नमतं घ्यावं लागलं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पत्रात त्यानं हे कधी लिहिलं नाही.”

गितीसाठी माझ्या मनात इतका जिव्हाळा आहे, तरी आज मला तिचा राग आला आणि तो यावा अशीच लेखकांची इच्छा असणार. जिनं स्वतः लोकांच्या नजरेची एवढी झळ सोसली, तीच बाई मुलाच्या सुखाआड तीच नजर घेऊन उभी राहते. मालिका तिला सोडत नाही आणि टाकूनही देत नाही. ती बदलते, पण सावकाश, कुरकुरत, खरी माणसं बदलतात तेवढीच.

२८ जून

मालिका संपली.

तिसऱ्या हंगामात अकिवा विधुर आहे. त्याची बायको लिबी, त्याचीच चुलतबहीण, बाळंतपणानंतर गेली. तान्ही मुलगी आहे, तिला अकिवाच्या आईचं नाव, द्वोराले. लिबी त्याला घरात दिसते, त्याच्याशी बोलते. तो तिची चित्रं काढत राहतो, पैशांपायी ती विकली जातात, मग ती परत मिळवायला जिवाचं रान करतो. वेडा म्हणावा तर कामावर जातो, मुलीला दूध पाजतो, बापाशी भांडतो.

सगळ्यात शेवटी शुलेम, त्याचा भाऊ नुखेम आणि अकिवा टेबलाशी बसतात. बोलता बोलता शुलेम यिडिश लेखक बाशेविस सिंगरचा एक विचार सांगतो की मेलेले कुठे जात नाहीत, इथेच असतात, प्रत्येक माणूस आपली सगळी माणसं आत घेऊन फिरतो. आणि खरंच खोली भरत जाते. द्वोरा येते, लिबी येते, इतर येतात, जेवणाची भांडी फिरतात, सगळे एकमेकांशी बोलायला लागतात.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा या प्रसंगावर मी ओक्साबोक्शी रडले होते. या वेळी रडू आलं नाही, कारण माझं अर्धं लक्ष बाबांकडे होतं. ते पुढे झुकून बघत होते. संपल्यावर म्हणाले, “त्या शुलेमला एवढं कळत होतं तर पहिल्यापासून पोराशी सरळ का नाही बोलला?” मी म्हटलं, तो बोलतच होता बाबा, जेव म्हणत होता. ते म्हणाले, “ते पुरत नाही.”

मला वाटतं, शुलेमच्या बाबतीत ते बरोबर आहेत आणि गितीच्या बाबतीत मी. आम्ही यावर आज पुन्हा वाद घातला, चहा होईपर्यंत. मग त्यांनी स्वतःहून आईच्या शेवटच्या आठवड्यांबद्दल थोडं सांगितलं. दवाखान्यातल्या रात्रींबद्दल, आणि ती त्यांना काय म्हणाली होती त्याबद्दल. ते मी इथे उतरवणार नाही. त्यांनी मला सांगितलं, ते माझ्यापाशी राहील.

उद्या दुसरा हंगाम पुन्हा लावायचा, रुखामीच्या लग्नापासून, असं त्यांनीच ठरवलंय. त्या भागांच्या वेळीही वीज गेली होती आणि ते त्यांचे नीट बघून झालेले नाहीत.